डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या संगणकाकडून मोजून घ्यायच्या आहेत? मग सुरुवात अशी करा

शरीराला चिरा न देता रक्तवाहिन्या थेट बघायच्या असतील, तर डोळ्याच्या पडद्याइतकी सोयीची जागा नाही. बाहुलीतून एक फोटो काढला, की आतल्या धमन्या आणि शिरा समोर येतात. मधुमेह आणि रक्तदाब यांच्या खुणा या वाहिन्यांवर उमटतात. म्हणून त्या आपोआप ओळखून त्यांची रुंदी, वळणं, फाटे मोजायचे, असा हा विषय आहे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आणि एमटेकला तो दरवर्षी कुणी ना कुणी घेतंच, कारण डेटा फुकट आहे, यू-नेट या चित्रातले भाग वेगळे काढणाऱ्या न्यूरल नेटवर्कचा कोड तयार मिळतो आणि थोड्याच दिवसांत संगणकाच्या स्क्रीनवर ९५ टक्के अचूकता झळकते.

मी याच वाटेने गेले आहे आणि आता प्रोजेक्ट करणाऱ्या मुलामुलींना यात मदत करते. त्यांना पहिल्याच भेटीत सांगते तेच इथेही सांगते: त्या ९५ टक्क्यांवरून जवळजवळ काहीच कळत नाही. वाहिन्या रंगवणं हे अर्धंच काम आहे. डॉक्टरांच्या उपयोगाचं असतं ते मोजमाप, आणि ते बरोबर यायचं तर खालच्या काही पायऱ्यांवर घाई करून चालत नाही.

हाताशी काय हवं

- पायथन, त्यात ओपनसीव्ही, सायकिट-इमेज, नमपाय आणि पायटॉर्च
- ग्राफिक्स कार्ड असेल तर उत्तम; नसेल तर गूगल कोलॅबवर शिकण्यापुरतं काम भागतं
- वाहिन्यांच्या हाताने काढलेल्या आकृत्यांसह फोटोंचा एखादा संच (पायरी २ पाहा)
- चित्र मोठं करून पिक्सेल पाहता येईल असं सॉफ्टवेअर. इमेजजे पुरेसं आहे
- ओळखीचे एखादे नेत्रतज्ज्ञ, जे महिन्यातून अर्धा तास देतील
- रुग्णालयाचे फोटो वापरायचे असतील तर नैतिकता समितीची लेखी मान्यता (पायरी ८)

यादीतली नेत्रतज्ज्ञांची ओळ बहुतेक जण सोडून देतात. कृपा करून सोडू नका.

## १. आधी पडदा वाचायला शिका

कोडला हात लावण्याआधी वीस-पंचवीस फोटो शांतपणे बघा. फिकट पिवळसर गोल दिसतो ती ऑप्टिक डिस्क. सगळ्या मोठ्या वाहिन्या तिथूनच फुटतात. थोड्या अंतरावर गडद डाग दिसतो तो मॅक्युला. त्याच्या अगदी मध्यभागी वाहिन्या नसतात, त्यामुळे तिथे प्रोग्रॅमने काही काढलं तर ते चुकीचं आहे हे तुम्हाला लगेच कळायला हवं.

धमन्या त्याच पातळीवरच्या शिरांपेक्षा अरुंद आणि उजळ लाल असतात, शिरा रुंद आणि गडद. रुंदीचं प्रमाण ढोबळमानाने दोनास तीन. धमनीच्या मधोमध अनेकदा एक चकचकीत पट्टी दिसते. तो प्रकाशाचा परावर्तित भाग असतो. या पट्टीमुळे प्रोग्रॅमला एका धमनीच्या जागी दोन बारीक समांतर वाहिन्या दिसतात आणि पुढचं सगळं मोजमाप बिघडतं. लहान मुलांच्या डोळ्यांत ही पट्टी जास्त ठळक असते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: धमनी आणि शिरा एकमेकींना ओलांडतात, पण धमनीने धमनीला ओलांडणं फार क्वचित दिसतं. धमनी-शिरा वेगळ्या करताना हा नियम खूप उपयोगी पडतो.

## २. डेटा निवडा, पण कशासाठी ते ठरवून

ड्राइव्ह हा संच सगळ्यांचा पहिला असतो. नेदरलँड्समधल्या मधुमेही तपासणी मोहिमेतले ४० फोटो, २० शिकवायला आणि २० चाचणीला, प्रत्येक ५६५ × ५८४ पिक्सेलचा. त्यातले ३३ डोळे मधुमेहाच्या खुणा नसलेले आणि ७ सौम्य खुणा असलेले. २००४ साली तो प्रसिद्ध झाला. डाउनलोड केलेल्या फोल्डरमध्ये चाचणीच्या फोटोंच्या हाताने काढलेल्या आकृत्या आहेत का, ते आधी पाहा. नसतील, तर शिकवायच्या २० मधूनच काही फोटो बाजूला काढावे लागतील.

स्टेअर अमेरिकेतला, वाहिन्या काढलेले २० फोटो. त्यातले निम्मे आजारी डोळ्यांचे, म्हणून कठीण आणि म्हणूनच चांगला. चेस-डीबी१ इंग्लंडमधल्या १४ मुलांच्या दोन्ही डोळ्यांचा, एकूण २८ फोटो. एचआरएफ मध्ये ४५ फोटो: १५ निरोगी, १५ मधुमेही, १५ काचबिंदूचे, आणि आकार थेट ३५०४ × २३३६. फाइव्ह्ज हा २०२२ चा चिनी संच ८०० फोटोंचा आहे.

आता हिशेब बघा. ड्राइव्हमध्ये साधारण ४५ अंशांचं दृश्य ५४० पिक्सेल व्यासाच्या वर्तुळात बसवलेलं आहे. म्हणजे डिस्कजवळच्या जाड वाहिन्याही जेमतेम सात-आठ पिक्सेल रुंद. कडेला एक पिक्सेल इकडे-तिकडे झाला की रुंदीत १२ टक्क्यांहून जास्त फरक पडतो. रक्तदाबाचा परिणाम शोधायचा तर एवढ्या चुकीत तो सहज बुडून जातो. एचआरएफमध्ये तशाच वाहिन्या याच्या कितीतरी पट पिक्सेल भरतात. म्हणून पद्धत शिकायला ड्राइव्ह घ्या आणि रुंदी मोजायला मोठ्या फोटोंचा संच.

मराठी मुलांना मी आणखी एका संचाची आठवण करून देते: आयडीआरआयडी. यातले फोटो नांदेडच्या एका नेत्र चिकित्सालयातले आहेत आणि तो तयार करण्यात तिथल्याच श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेच्या संशोधकांचा पुढाकार होता. २०१८ साली तो खुला झाला. एकूण ५१६ फोटो, त्यांपैकी ८१ फोटोंवर रक्तस्राव, सूक्ष्म फुगवटे आणि पिवळे साके पिक्सेलनिशी आखलेले. यात वाहिन्यांच्या आकृत्या नाहीत, त्यामुळे शिकवायला तो चालत नाही. पण पायरी ५ मध्ये त्याचा मोठा उपयोग आहे.

सापळा: चेस-डीबी१ मधल्या एकाच मुलाचा उजवा डोळा शिकवणीत आणि डावा चाचणीत जाऊ देऊ नका. एकाच फोटोचे तुकडे दोन्हीकडे वाटणं तर त्याहून वाईट. विभागणी नेहमी माणसागणिक करा, तुकड्यागणिक नको.

## ३. हिरवा थर आणि मास्क

रंगीत फोटोतला फक्त हिरवा थर घेऊन सुरुवात करा. हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषून घेतं, त्यामुळे हिरव्या थरात वाहिन्या गडद आणि मागचा पडदा उजळ दिसतो. लाल थर बहुधा भडक होऊन पुसट दिसतो, निळ्यात अंधार आणि खरखर जास्त. ओपनसीव्ही रंग उलट्या क्रमाने वाचतं, पण हिरवा दोन्ही क्रमांत मधलाच असतो, तेवढी एक काळजी नको.

मग पार्श्वभूमीचा उजेड एकसारखा करा आणि क्लाहे (चित्राच्या चौकटी पाडून प्रत्येकीचा उठाव मर्यादेत वाढवणारी पद्धत) वापरून उठाव वाढवा. मर्यादा २ आणि ८ × ८ चौकटी इथून सुरुवात करायला हरकत नाही. उठाव वाढवत नेला की चित्र छान दिसतं, पण खरखरीलाही वाहिनीचं रूप येतं आणि पडद्याच्या मागच्या थरातल्या वाहिन्याही वर डोकावायला लागतात. डोळ्याला सुखावणारं चित्र प्रोग्रॅमला हिताचं असेलच असं नाही.

फोटोतलं गोल दृश्य आणि भोवतीचा काळा भाग वेगळा करणारा मास्क पहिल्या दिवसापासून जपा. तो नसेल तर गोलाच्या कडेला प्रोग्रॅम एक मोठी थोरली वाहिनी काढतो. मास्क थोडा आत ओढून घेतला, म्हणजे काही पिक्सेल झिजवला, की ही कड जाते.

फाइलींबाबत दोन सूचना. ड्राइव्हचे मास्क जिफमध्ये आहेत आणि ओपनसीव्हीच्या जुन्या आवृत्त्या जिफ उघडत नाहीत, पायथनची पिलो ही लायब्ररी वापरा. आणि आकृत्या कधीही जेपेगमध्ये साठवू नका, त्यांचा आकार बदलताना जवळच्या पिक्सेलचीच किंमत घ्या. नाहीतर काळ्या-पांढऱ्याच्या मध्ये करड्या छटा शिरतात आणि बारीक वाहिन्या गायब होतात.

## ४. शिकवणी न लागणारी पद्धत आधी, यू-नेट नंतर

थेट यू-नेटवर उडी मारण्याचा मोह होतो. तरीही आधी जुनी पद्धत चालवून बघा, असा माझा आग्रह आहे. १९८९ साली सुभासिस चौधुरी आणि सहकाऱ्यांनी मांडलेली जुळणी-गाळणी (मॅच्ड फिल्टर) अजून शिकण्यासारखी आहे. वाहिनी आडवी कापली तर तिच्या उजेडाचा आलेख उलट्या घंटेसारखा दिसतो. तो आकार १५-१५ अंशांनी फिरवून १२ दिशांना फोटोवर सरकवायचा आणि जिथे सर्वांत चांगला जुळेल ती वाहिनी. हेच चौधुरी पुढे आयआयटी मुंबईचे संचालक झाले. ही गाळणी स्वतः लिहायला एक दुपार पुरते, आणि ती कुठे फसते ते पाहिलं की या विषयातल्या अडचणी कळतात: डिस्कची कड, दोन पिवळ्या साक्यांमधली गडद फट, रक्तस्रावाचे डाग.

नळीसारखे आकार शोधणारी १९९८ ची फ्रँगी गाळणी सायकिट-इमेजमध्ये तयार मिळते. गडद रेषाच शोधायच्या आहेत, असं ती मुळात धरून चालते. आपल्या वाहिन्या गडदच आहेत, म्हणून चित्र उलटं करू नका. उलटं केलंत तर गडद रेषांचं ते सेटिंगही बदला. पुष्कळ जणांचं पहिलं उत्तर रिकामं येतं ते याच कारणाने.

आता यू-नेट. २०१५ साली फ्रायबुर्गमधून आलेली ही रचना थोड्या फोटोंवरही चांगली शिकते, म्हणूनच इथे इतकी रुळली. चार वेळा आकार निम्मा होणारी नेहमीची रचना घेतली तर लांबी-रुंदीला १६ ने भाग जायला हवा. ५६५ × ५८४ ला जात नाही, म्हणून कडेने भर घालून ५७६ × ५९२ करा. फोटो ताणून बसवू नका, ताणला की रुंदी बदलते.

शिकवताना प्रोग्रॅमची चूक मोजायला डाइस (दोन आकृत्या एकमेकींवर किती बसतात याचं माप) आणि क्रॉस-एन्ट्रॉपी (पिक्सेलगणिक चुकीचं माप) दोन्ही मिळून घ्या. वाहिन्यांचे पिक्सेल थोडे असल्याने नुसत्या क्रॉस-एन्ट्रॉपीवर प्रोग्रॅम बारीक वाहिन्यांकडे दुर्लक्ष करायला शिकतो. फोटो आडवा उलटवणं चालतं, डावा डोळा उजव्यासारखा दिसतो इतकंच. उजेड आणि रंग थोडे हलवा, थोडं फिरवा. एचआरएफसारखे मोठे फोटो लहान करून शिकवू नका, तुकडे पाडा.

## ५. आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी

या पायरीला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वेळ द्या.

ड्राइव्हमधल्या गोलाच्या आत वाहिन्यांचे पिक्सेल साधारण आठवा हिस्सा असतात. म्हणजे एकही वाहिनी न काढता सगळं काळं ठेवलं तरी ८७ टक्क्यांच्या आसपास अचूकता मिळते. तुमच्या ९५ ची तुलना शून्याशी करायची नसते, या ८७ शी करायची असते.

आता मास्कचा परिणाम. गोल दृश्य पूर्ण चौकटीच्या सुमारे ६९ टक्के आहे. उरलेला ३१ टक्के भाग काळा, तिथे चूक होणंच शक्य नाही. तोही धरून अचूकता काढली, तर ९४.७ टक्क्यांचा निकाल एकही जास्तीची वाहिनी न सापडता ९६.३ टक्के होतो. दोन निबंधांतले आकडे शेजारी ठेवण्याआधी दोघांनी मास्कच्या आत मोजलंय की बाहेरही, हे शोधा. लिहिलेलं नसेल तर ती तुलना करू नका.

९४.७ हा आकडा मी उगाच घेतला नाही. ड्राइव्हच्या चाचणी फोटोंवर दोन माणसांनी स्वतंत्रपणे वाहिन्या काढल्या आहेत. पहिल्याला प्रमाण मानलं तर दुसऱ्याची अचूकता जवळपास एवढीच येते, आणि पहिल्याने काढलेल्या वाहिन्यांपैकी ७७-७८ टक्के पिक्सेलच दुसऱ्याने काढलेले आहेत. दोन्ही माणसं शिकलेली, फोटो तोच. मग तुमचा प्रोग्रॅम ९७ टक्के दाखवतो तेव्हा तो माणसाहून हुशार झाला असं लिहू नका. पहिल्या माणसाची हाताची सवय त्याने उचलली, असाही त्याचा अर्थ होऊ शकतो.

मग काय द्यावं? संवेदनशीलता (खऱ्या वाहिन्यांपैकी किती सापडल्या), विशिष्टता (वाहिनी नसलेल्यांपैकी किती बरोबर सोडल्या) आणि डाइस तिन्ही द्या. बारीक वाहिन्यांसाठी संवेदनशीलता वेगळी काढा, कारण जाड वाहिन्या पिक्सेल जास्त खातात आणि बारीकांची चूक झाकतात. वाहिनी मध्ये तुटली आहे का हे पाहण्यासाठी मध्यरेषेवर बेतलेला सीएल-डाइस वापरा. वाहिनी आहे की नाही हे ठरवणारा उंबरठा शिकवणीच्या फोटोंतून बाजूला काढलेल्या फोटोंवर ठरवा, चाचणीच्या फोटोंवर कधीच नको.

आणि एक चाचणी, जी मला फार मोलाची वाटते. ड्राइव्हवर शिकवलेला प्रोग्रॅम नांदेडच्या आयडीआरआयडीमधल्या त्या ८१ फोटोंवर चालवा, फोटोंचा आकार ड्राइव्हच्या प्रमाणात आणून. तिथे रक्तस्राव आखलेले आहेत. तुमच्या प्रोग्रॅमने वाहिनी म्हणून रंगवलेले किती पिक्सेल या रक्तस्रावांच्या आत पडतात ते मोजा. वाहिन्यांची आकृती नसतानाही ही चूक आकड्यात पकडता येते. शिवाय युरोपातल्या फिकट पडद्यांवर शिकलेला प्रोग्रॅम आपल्याकडच्या गडद रंगद्रव्याच्या पडद्यांवर कसा वागतो, हेही समोरच दिसतं. हे फोटो छापून नेत्रतज्ज्ञांकडे न्या. लाल खूण करून त्या जे सांगतील, ते कुठल्याही तक्त्यात मिळणार नाही.

## ६. मध्यरेषा, रुंदी आणि तुटलेले धागे

आकृती मिळाली की आधी लहान सुटे ठिपके काढा आणि वाहिन्यांमधली छिद्रं बुजवा. तो प्रकाशपट्टीचा त्रास इथेच निस्तरायचा. मग सांगाडा काढा, म्हणजे प्रत्येक वाहिनी एक पिक्सेल जाडीची मध्यरेषा होईल. सांगाड्याला आडव्या बारीक कुसळांसारख्या फांद्या फुटतात. वाहिनीच्या रुंदीपेक्षा आखूड फांद्या छाटून टाका.

तीन किंवा जास्त शेजारी असलेला बिंदू म्हणजे फाटा किंवा ओलांडा. तिथे रेषा तोडली की तुकडे सुटे होतात. प्रत्येक तुकड्यावर कडेपासूनचं अंतर दुप्पट केलं की रुंदी मिळते. एका बिंदूची रुंदी देऊ नका, तुकड्याचा मध्यक द्या आणि फाट्याजवळचे बिंदू वगळा, कारण तिथे रुंदी खोटी फुगते.

वळणदारपणा म्हणजे तुकड्याची खरी लांबी भागिले दोन टोकांमधलं सरळ अंतर. हे माप तुकडा कुठे तोडला यावर फार अवलंबून असतं, म्हणून तोडण्याचा नियम लिहून ठेवा. भग्नमिती (फ्रॅक्टल डायमेन्शन, म्हणजे वाहिन्यांचं जाळं किती गुंतागुंतीचं आहे याचं माप) हवी असेल तर चौकटी मोजण्याच्या पद्धतीने काढता येते. वेगवेगळ्या आकारांचे फोटो मिसळून मात्र काढू नका.

## ७. धमनी-शिरा गुणोत्तर

ड्राइव्हच्याच ४० फोटोंवर धमन्या लाल, शिरा निळ्या आणि ओलांडे हिरवे रंगवलेला राइट नावाचा संच आहे, शिकवणीसाठी तो घ्या. इथे रंग महत्त्वाचा आहे, त्यामुळे नुसता हिरवा थर पुरत नाही आणि शिकवताना रंग फार हलवायचे नाहीत.

डिस्कच्या कडेपासून अर्धा ते एक डिस्क-व्यास एवढ्या कड्यात सर्वांत रुंद सहा धमन्या आणि सहा शिरा निवडा. सर्वांत रुंद आणि सर्वांत अरुंद यांची जोडी लावा, वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ घ्या, धमन्यांसाठी ०.८८ ने आणि शिरांसाठी ०.९५ ने गुणा. एकच आकडा उरेपर्यंत हेच करत राहा. ही नडसन आणि सहकाऱ्यांची २००३ ची पद्धत. दोन आकड्यांचा भागाकार म्हणजे धमनी-शिरा गुणोत्तर.

गुणोत्तराचा फायदा असा, की पिक्सेल आणि मायक्रॉन यांचं नातं माहीत नसलं तरी चालतं. हे नातं कॅमेऱ्यावर आणि डोळ्याच्या लांबीवरही अवलंबून असतं, म्हणून रुंदी मायक्रॉनमध्ये छापण्याची घाई नको. तोटाही सांगते: गुणोत्तर कमी आलं तर धमन्या आकसल्या की शिरा फुगल्या, ते त्यातून कळत नाही. दोन्ही आकडे सुटे द्याच. आणि ज्या फोटोत डिस्कभोवतीचं कडं पूर्ण नाही, तो फोटो या मोजमापातून वगळा.

हे सगळं स्वतः लिहायला वेळ नसेल तर ऑटोमॉर्फ ही २०२२ ची खुली प्रणाली फोटोचा दर्जा तपासण्यापासून मोजमापापर्यंत सगळं करते. तुमच्या आकड्यांशी पडताळायलाही ती चांगली.

## ८. रुग्णालयाचे फोटो घेण्याआधी

संस्थेच्या नैतिकता समितीकडे अर्ज आधी करा, फोटो नंतर मागा. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून ठेवा आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही. अर्जासोबत बहुधा लागतात:

- अभ्यासाचा आराखडा
- मार्गदर्शकांचं आणि रुग्णालयाचं संमतिपत्र
- रुग्णासाठी मराठीतलं माहितीपत्रक आणि संमतिपत्र
- फोटो कुठे, किती काळ, कुणाच्या ताब्यात राहतील याचं निवेदन

रुग्णाचं नाव आणि नोंदणी क्रमांक अनेकदा फोटोच्या कोपऱ्यातच छापलेला असतो आणि फाइलच्या आतल्या माहितीतही असतो. दोन्हीकडून काढा, आणि ते काम रुग्णालयाच्या संगणकावरच करा, घरी आणून नको.

मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांचे फोटो धूसर येतात आणि त्यात बारीक वाहिन्या हरवतात. अशा फोटोंवरून 'वाहिन्या कमी झाल्या' असा निष्कर्ष निघू शकतो. म्हणून दर्जा तपासून वगळलेल्या फोटोंची संख्या आणि कारणं अहवालात लिहा.

फोटो काढणाऱ्या तंत्रज्ञांना एक विनंती जरूर करा: काही रुग्णांच्या एकाच डोळ्याचे लागोपाठ दोन फोटो द्या, मध्ये हनुवटी उचलून पुन्हा टेकवून. त्या दोन फोटोंमध्ये डोळा बदललेला नसतो, म्हणून तुमच्या गुणोत्तरात जो फरक येईल तो तुमच्या पद्धतीचा. निरोगी आणि आजारी गटांमधला फरक याहून मोठा असेल तरच त्याबद्दल लिहा, आणि हा आकडा तक्त्याच्या पहिल्या ओळीत द्या.